राज्य गेलं त्या हंगामात आपली टीम जिंकली होती

उद्या १ नोव्हेंबर. कर्नाटकात राज्योत्सव, केरळात केरळ पिरवी, आंध्रात राज्याचा स्थापना दिवस. आपल्या परभणीत काहीच नाही. आपण १७ सप्टेंबरला झेंडा लावतो, १ मेला लावतो, दोन्ही बरोबरच आहे. पण परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला तो दिवस १ नोव्हेंबर १९५६. आपल्या जिल्ह्याचं राज्य ज्या दिवशी बदललं तो दिवस आपल्या कॅलेंडरवर नाही. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आज फुटबॉलवर लिहायचंय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

डिसेंबर २०२४ च्या शेवटी मावशीला दवाखान्यात दाखवायला हैदराबादला गेलो होतो. आपल्याकडची माणसं अजूनही मोठं दुखणं आलं की देवगिरीत बसून तिकडंच जातात, मुंबई-पुणं नंतर सुचतं. ३१ तारीख होती. तिथं संतोष ट्रॉफीची फायनल होती, बंगाल विरुद्ध केरळ. रिक्षावाल्याच्या मोबाइलवर स्कोअर चालू होता. बंगाल १–० नं जिंकलं, गोल अगदी शेवटच्या जादा वेळात. वय सत्तरीच्या आसपास असेल त्या चाचांचं. कुठून आलात विचारलं, मी परभणी म्हणालो. तर म्हणाले, "परभनी? वो तो पैले अपनाइच था ना."

रिक्षातून उतरल्यावरही ते "अपनाइच" डोक्यातून जाईना. फुटबॉलच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं, हे मला नंतर जुने निकाल बघताना कळलं. आणि इतकी वर्षं पत्रकारिता करून ते आपल्याला माहीत नव्हतं याची थोडी लाजही वाटली.

संतोष ट्रॉफी म्हणजे काय, हे नव्या पोरांसाठी दोन ओळीत. आयएसएल, आय-लीग, त्याआधीची नॅशनल फुटबॉल लीग हे सगळं अलीकडचं. नॅशनल लीग तर १९९६ ला सुरू झाली. त्याआधी देशाचा फुटबॉल हंगाम तीन-चार कपांवर चालायचा. दिल्लीचा ड्युरँड, कलकत्त्याची आयएफए शील्ड, मुंबईचा रोव्हर्स कप, हे क्लबांचे. आणि राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे संतोष ट्रॉफी, १९४१ पासून. बंगालमधल्या संतोष संस्थानच्या महाराजांच्या नावानं. म्हणजे ट्रॉफीत ज्या राज्याचं नाव, ते त्या वर्षीचं राष्ट्रीय विजेतं राज्य. रणजी ट्रॉफी क्रिकेटला जशी, तशी ही फुटबॉलला.

आता १९५६-५७ च्या हंगामाकडं या. स्पर्धा त्रिवेंद्रमला. फायनल: हैदराबाद विरुद्ध मुंबई. हैदराबादनं मुंबईला ४–१ नं हरवलं आणि पहिल्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली.

परत एकदा वाचा. हैदराबाद विरुद्ध मुंबई, हंगाम १९५६-५७. याच हंगामात आपला जिल्हा हैदराबादच्या नकाशातून मुंबईच्या नकाशात गेला. अख्ख्या देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांना ही फायनल दोन्ही बाजूंनी आपली म्हणता आली असती, ते म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. आणि ती ना आपण या बाजूनं म्हटली ना त्या बाजूनं.

ही हैदराबादची टीम काही नशिबानं जिंकलेली नव्हती. त्यामागं एक शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम. अजय देवगणचा 'मैदान' आला तेव्हा बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. पिक्चरमध्ये सगळं कलकत्ता, रोम, जकार्ता असं मोठं मोठं आहे, स्वाभाविक आहे. पण रहीमसाहेब मूळचे हैदराबादचे, उस्मानियाचे पदवीधर, आणि मास्तरकी केली ती काचीगुड्याच्या शाळेत वगैरे. काचीगुडा! आपल्या स्टेशनवर लहानपणापासून जे नाव भोंग्यावर ऐकतो तेच. १९४३ पासून ते हैदराबाद सिटी पोलीसच्या टीमचे कोच, आणि शेवटपर्यंत राहिले.

त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. ते अशा स्पर्धा भरवायचे जिथं ड्रिबलिंगच करायचं नाही, चेंडू आला की लगेच पास. ज्या पायानं जमत नाही त्याच पायानं खेळायचं, अशाही स्पर्धा. म्हणजे उजव्या पायाच्या पोराला डावा पाय वापरायलाच लावायचा. साधनं काय लागतात याला? एक चेंडू, एक मैदान आणि पोरांना थांबवून ठेवणारा मास्तर. यातून जी टीम तयार झाली तिनं मुंबईत येऊन रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा नेला. कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांनाही हे जमलेलं नव्हतं. १९५० चा ड्युरँडही त्यांचाच. १९४९-५० आणि १९५०-५१ ला हैदराबाद राज्याची टीम संतोष ट्रॉफीच्या फायनलला गेली आणि दोन्ही वेळा बंगालकडून हरली. तेव्हा सगळी परभणी, हिंगोलीसकट, त्याच राज्यात होती.

मग आपल्या घरादारांत ही आठवण का नाही? आमच्या आजोबांनी रझाकारांच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, फुटबॉलचा एक शब्द नाही.

याचं उत्तर मला टीमच्या नावातच सापडतं. हैदराबाद पोलीस. आमचं मूळ गाव कळमनुरीकडचं. १९४८ च्या आधीच्या त्या वर्षात आजोबा पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेले होते, वऱ्हाडात. तिथं स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता, आपल्या भागातली शेकडो घरं अशी नदीपलीकडं राहून आली. त्या माणसाला "हैदराबादच्या पोलिसांनी मुंबईत कप जिंकला" असं कुणी १९५० ला सांगितलं असतं तर तो टाळ्या वाजवणार होता का? पोलीस ॲक्शनला जेमतेम दोन वर्षं झाली होती. सरकार बदललं, वर्दीवरचा बिल्ला बदलला, पण पोलीस हा शब्द ऐकला की पोटात काय होतं ते दोन वर्षांत बदलत नाही. यात आजोबांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पण त्या टीममधल्या पोरांचंही काही चुकलेलं नव्हतं. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन, हे काही कुणाच्या दारात बंदूक घेऊन गेले नव्हते, ते मैदानावर होते. आणि संतोष ट्रॉफी जिंकणाऱ्या राज्याच्या टीममध्ये सिकंदराबादच्या अम्मुगुड्याचा तुळसीदास बलराम होता, जेमतेम विशीतला. घरची इतकी ओढाताण की सरावाला यायला सायकल भाड्यानं घ्यायचे पैसे रहीमसाहेबांनी दिले. निजामाचं राज्य, रझाकार आणि हैदराबाद शहरातली चेंडू खेळणारी पोरं हे तीन वेगळे विषय आहेत. आपण तिन्हींचं एकच गाठोडं बांधलं आणि माळ्यावर टाकलं. हल्ली तर ते गाठोडं फक्त सप्टेंबरात, भाषणापुरतं खाली येतं.

दुसरं कारण म्हणजे १९५६ ला आपल्याकडं लोकांच्या डोक्यात वेगळंच होतं. सप्टेंबर १९५५ ला राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली, मुंबईत गोळीबार झाले. मराठवाड्याला मराठी माणसांबरोबर जायचं होतं. कचेरीत उर्दू, शाळेत उर्दू, वरच्या कोर्टात जायचं तर हैदराबाद, यातून सुटायचं होतं. ती मागणी शंभर टक्के रास्त होती आणि मी आज तिच्या विरोधात बोलत नाहीये हे आधीच स्पष्ट करतो, नाहीतर उद्या फोन येतील. भाषा मिळाली. पण राज्य बदलतं तेव्हा बरोबर काय काय सुटतं याची यादी कुणी केली नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात मेलबर्न ऑलिम्पिक झालं. कोच रहीमसाहेब. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला युगोस्लाव्हियानं आपल्याला १०–१ नं धुतलं होतं, बरेच जण अनवाणी खेळले होते. मेलबर्नला भारतानं ऑस्ट्रेलियाला ४–२ नं हरवलं, नेव्हिल डिसूझाची हॅट्ट्रिक. सेमीफायनलला परत युगोस्लाव्हिया, ४–१ नं हरलो, पण आधी आघाडीवर आपणच होतो. शेवटी चौथा नंबर. फुटबॉलमध्ये ऑलिम्पिकचा तो आपला सर्वात वरचा नंबर, आजही. आता त्या टीमकडं परभणीतून बघा. गोल मारणारा नेव्हिल मुंबईच्या मैदानांवरचा, कॅल्टेक्स कंपनीच्या टीमचा. कोच हैदराबादचा, बलराम, नूर, अझीझ, झुल्फिकार हैदराबादचे. म्हणजे आपलं सुटलेलं राज्य आणि आपलं नवं राज्य, दोन्ही मिळून ती टीम उभी होती. १ डिसेंबरला ती हॅट्ट्रिक झाली तेव्हा परभणीला मुंबई राज्यात येऊन बरोबर एक महिना झाला होता.

पुढचा हंगाम, १९५७-५८. हा मला जास्त लागतो. संतोष ट्रॉफी हैदराबाद शहरात भरली. फायनल परत हैदराबाद विरुद्ध मुंबई. हैदराबादनं परत हरवलं, ३–१. पण आता गंमत बघा. हैदराबाद नावाचं राज्य नकाशावर नव्हतंच. त्याचे तीन तुकडे झालेले, तेलंगण आंध्र प्रदेशात, आपण मुंबईत, बिदर-गुलबर्गा-रायचूरकडचे म्हैसूर राज्यात. कर्मचारी वाटले गेले, फायली वाटल्या गेल्या. फुटबॉलची टीम तेवढी वाटता आली नाही. ती जुन्याच नावानं मैदानात उतरली आणि नसलेल्या राज्यासाठी देशाची ट्रॉफी जिंकली. समोर हरलेली मुंबई, म्हणजे त्या दिवशी कागदोपत्री आपण. त्याच्या आदल्या हंगामाच्या सुरुवातीला आपण जिंकणाऱ्यांच्या राज्यात होतो.

मी असं अजिबात म्हणत नाही की परभणीत तेव्हा गल्लोगल्ली फुटबॉल होता आणि तो कुणी हिरावून नेला. खोटा इतिहास रचायचा नाही. मुद्दा शिडीचा आहे. खेळात वर जायला शिडी लागते. गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून राज्याच्या ठिकाणी. १९५६ च्या आधी आपल्या शिडीचं वरचं टोक हैदराबादला टेकलेलं होतं, आणि योगायोगानं त्या दहा वर्षांत हैदराबाद हे देशातलं फुटबॉलचं सर्वात चांगलं गुरुकुल होतं. पोराला काय लागायचं? संध्याकाळी मीटरगेजच्या गाडीत बसला की सकाळी काचीगुडा. तिथं पोलिसात भरती, नोकरी आणि खेळ दोन्ही. आपली पोरं शिकायला तशीच जात होती की उस्मानियाला.

१ नोव्हेंबरनंतर शिडीचं टोक मुंबईला गेलं. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरायचं, कारण मीटरगेज तिथं संपायची. गाठोडं डोक्यावर घेऊन फलाट बदलायचा, ब्रॉडगेज धरायची. नव्वदच्या दशकापर्यंत हे चाललं, माझ्या वयाच्या लोकांनी ते मनमाड भोगलंय. आणि मुंबईत पोचल्यावर काय? तिथला फुटबॉल कूपरेजवर, कंपन्यांच्या टीमांचा. कॅल्टेक्स, टाटा, मफतलाल, रेल्वे. नोकरी असेल तर टीम, ओळख असेल तर नोकरी. राहायला खोली कुणाची? वांद्रे, माझगावच्या पोराला हे सोपं होतं, गोव्याहून आलेल्याला त्याच्या गावाचा कूड होता. जिंतूर, पाथरीच्या पोराला कोण होतं? बलरामला मैदान गाठायला भाड्याची सायकल पुरली. आपल्या पोराला मनमाड ओलांडायचं होतं.

१९६३ च्या जूनमध्ये रहीमसाहेब कॅन्सरनं गेले. आदल्या वर्षी जकार्ताला एशियन गेम्सचं सोनं जिंकून आले होते, दक्षिण कोरियाला २–१ नं हरवून. ते गेले त्या हंगामात, १९६३-६४ ला, मद्रासला संतोष ट्रॉफीची फायनल झाली महाराष्ट्र विरुद्ध आंध्र प्रदेश. महाराष्ट्र १–० नं जिंकला. म्हणजे सात वर्षांत पारडं फिरलं. महाराष्ट्र या नावानं जिंकलेली ती पहिली संतोष ट्रॉफी. आपण आता जिंकणाऱ्या बाजूला होतो. परभणीत कुणी पेढे वाटले असतील असं मला वाटत नाही, कारण तोवर ही स्पर्धा आपली आहे ही भावनाच राहिली नव्हती. हैदराबाद जिंकलं तेव्हा ते परकं झालं होतं आणि मुंबई जिंकली तेव्हा ती अजून आपली झाली नव्हती.

हे अंदाजानं बोलत नाही, स्वतःचं सांगतो. २००५-०६ चा हंगाम. जर्नालिझमचा डिप्लोमा करून मी एका पेपरच्या डेस्कवर नवा लागलो होतो. त्या हंगामात मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं फेडरेशन कप जिंकला आणि नॅशनल फुटबॉल लीगही जिंकली. डेरिक परेरा कोच, घानाचा युसिफ याकुबू, मुंबईचा स्टीव्हन डायस. नॅशनल लीगचं जेतेपद महाराष्ट्रातल्या टीमला पहिल्यांदाच मिळालं होतं, तोवर ते पंजाब, कलकत्ता, गोवा असंच फिरत होतं. बातमी एजन्सीवरून आली. मीच ती कापली, एक कॉलम, चार ओळी, आतल्या पानावर, बाजारभावाच्या शेजारी. वरिष्ठांनी सांगितलं म्हणून नव्हे, मलाच वाटलं की आपल्या जिल्ह्यात हे कोण वाचणार. चार वर्षांनी, २०१० ला, महिंद्रानं टीमच बंद केली. तेव्हा तर आम्ही बहुतेक छापलंच नाही.

अनुशेषाची चर्चा आपण मराठवाड्यात उठता बसता करतो. १९५३ चा नागपूर करार, ३७१ कलम, दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल. समितीनं रस्ते मोजले, सिंचन मोजलं, वीज, शाळा, दवाखाने मोजले आणि मोजायलाच पाहिजे होते. मैदान असं खातं त्यात नव्हतं. जे मोजलं नाही त्याचा अनुशेषही नाही. म्हणून आपण मुंबईकडं पाण्याचा हिशेब मागतो आणि तो मागताना आवाज चढतो, पण परभणीचं पोर राज्याच्या टीमपर्यंत का पोचत नाही हा प्रश्न मी आजवर एकाही मोर्चाच्या निवेदनात वाचलेला नाही. निवेदनं मी रोज वाचतो, धंदाच तो आहे.

सप्टेंबर २०१७ आठवतो का? १७ वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप भारतात होता, नवी मुंबईतही सामने होते. त्याआधी राज्य सरकारनं १५ सप्टेंबरला एकाच दिवशी दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा असा कार्यक्रम घेतला, शाळाशाळांत चेंडू वाटले. मुक्तिसंग्राम दिनाच्या बरोबर दोन दिवस आधी. मी एका तालुक्याच्या गावी, शाळेवर बातमीला गेलो होतो. पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो झाले. पोरांना चेंडू इतका आवडला की गुरुजी शिट्टी वाजवून थकले तरी मैदान सोडेनात. पोरीही खेळत होत्या, एक पोरगी सलवारचे पाय वर खोचून गोलमध्ये उभी होती आणि तिनं तीन चेंडू अडवलेले मी स्वतः बघितले. महिन्याभरानं दुसऱ्या बातमीसाठी त्याच शाळेत गेलो तर चेंडू कपाटात. हवा गेली होती, भरायची पिन शाळेत नव्हती. गुरुजींचा दोष म्हणावा तर त्यांच्याकडं दोन वर्ग आणि वर माध्यान्ह भोजनाचा हिशेब. मी बातमी केली नाही. करायला पाहिजे होती.

त्या गावातही म्हातारी माणसं "हैदराबादच्या टायमाला" असं म्हणून गोष्ट सुरू करतात. त्या गोष्टीत सावकार असतो, रझाकार असतो, तांब्याची नाणी असतात.

तर आता एक काम. परभणी, हिंगोली, सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा, कुठंही, कुणाच्या घरी १९५६ च्या आधीचा किंवा नंतरच्या दहा वर्षांतला फुटबॉलचा फोटो असेल, शाळेच्या टीमचा, पोलीस लाइनच्या टीमचा, रेल्वेच्या पोरांचा, उर्दू शाळेचा, कुणाचाही, तर मला इनबॉक्स करा. फोटोमागं काही लिहिलेलं असेल तर त्या बाजूचाही फोटो काढा. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना एवढंच विचारा की हैदराबादची टीम जिंकली तेव्हा तुम्हाला कळलं होतं का, आणि कळलं तर कुणाकडून. ते बोलायला लागले की मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. पूर्णा जंक्शनच्या लोकांनी तर जरूर, रेल्वेच्या गावात चेंडू लवकर पोचतो.

रिक्षावाल्या चाचांचा नंबर मी घेतला होता. काल फोन केला, त्यांनी उचलला. बलरामला खेळताना बघितलंय का विचारलं. म्हणाले, मी तेव्हा पोटातही नसेन, पण अब्बांनी बघितलंय. अब्बांनी काय सांगितलं ते ऐकायला पुढच्या महिन्यात मावशीच्या तपासणीला जाईन तेव्हा त्यांच्याच रिक्षात बसणार आहे.